जांभ्याचा मनोरा

जुन्या गोव्यात मोंते सांतो नावाची टेकडी आहे. तिच्यावरचा संत ऑगस्टिनच्या संप्रदायाचा भग्न मनोरा पाहून प्रवासी हळहळतात आणि दोष काळाला देऊन मोकळे होतात. आम्हांस हा निवाडा मान्य नाही.

या संप्रदायाचे साधू १५७२ साली गोव्यात आले. ते अरण्यात एकांत शोधणारे नव्हेत; शहरात राहून प्रवचने करणारे. तेव्हा मठाला मोठे चर्च हवे आणि दूरवर ऐकू जाईल अशी घंटाही हवी. १५९७ मध्ये आरंभलेले हे काम १६०२ मध्ये पुरे झाले. मनोरा चढला सुमारे ४६ मीटर, म्हणजे दीडशे फूट!

एवढी उंची कशाने साधली? तर जांभ्याने. कोकणातल्या श्रोत्यांना चिरा काय ते सांगावयास नको. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हत्याराने सहज तासला जातो. वारा लागला की घट्ट होतो. परंतु त्याच्या अंगी छिद्रे फार. नाजूक कोरीवकाम त्यात साधत नाही, म्हणून शोभा आणावयाची ती कमानींच्या व मजल्यांच्या मांडणीतून. आणि पाणी मुरू नये म्हणून वर चुन्याचा गिलावा. आज दिसणारा तांबडा दगड कोणी पाहावा म्हणून लावलेला नव्हता. अंगावरचे वस्त्र गेले म्हणून तो दिसतो. (शेजारच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा तर १९५० च्या सुमारास मुद्दाम काढण्यात आला. उघडा दगड म्हणजे प्राचीनता, ही समजूत मोठी महाग पडते.)

गिलावा दर काही वर्षांनी नवा करावा लागतो, आणि त्यासाठी घरात माणूस लागतो. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संप्रदाय बरखास्त केले. १८३५ मध्ये गोव्यातला मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे कमानदार छत कोसळले. म्हणजे अवघे सात पावसाळे! १८४३ मध्ये राजधानीही पणजीला गेली. मग या टेकडीकडे कोण पाहणार? १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा ढासळला, १९३८ मध्ये आणखी भाग गेला. उरले ते आज पुरातत्त्व खाते सांभाळीत आहे.

घंटा मात्र आधीच उतरविलेली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये बसविली गेली, आणि आजही तेथेच आहे.