बत्तीस बदाम

व्हॅलेंटाइनच्या कार्डाची गोष्ट प्रेमापासून सुरू झाली असेल, पण ते घरोघरी पोचलं टपाल स्वस्त झाल्यामुळे. १८४० साली ब्रिटनमध्ये हलकं पत्र एका पेनीत देशभर कुठेही जाऊ लागलं. त्याआधी अंतर वाढेल तसा खर्च वाढायचा आणि बहुतेक वेळा तो पत्र घेणाऱ्याच्याच गळ्यात पडायचा. एका पेनीची सोय झाली आणि घरी कापून, चिकटवून केलेली कार्डं भराभर टपालात पडू लागली.

अमेरिकेत याचा धंदा केला एस्थर हाउलंड या तरुणीनं. वूस्टर गावात तिच्या वडिलांचं वह्या-कागदांचं दुकान होतं. इंग्लंडहून आलेलं एक कार्ड बघून तिनं १८४० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः कार्डं करायला घेतली. मागणी वाढली तशी तिनं मैत्रिणींना घरातच कामाला बसवलं. एकीनं जाळीदार कागद कापायचा, दुसरीनं चित्र चिकटवायचं. १८८१ साली तिनं हा व्यवसाय व्हिटनी नावाच्या कंपनीला विकला. १९४२ मध्ये ती कंपनीही बंद पडली, कारण युद्धामुळे कागदच मिळेना.

पुढे छापील कार्डं इतकी स्वस्त झाली की तिथली शाळकरी पोरंही ती वाटू लागली. मग प्रश्न आला, ज्याला एकही मिळालं नाही त्याचं काय? तिथल्या अनेक शाळांनी साधा नियम केला. आणायचं तर सगळ्यांसाठी, नाहीतर कुणासाठीच नाही.

आपल्याकडे हा दिवस नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आणि चकचकीत दुकानांबरोबर आला. दिल्लीत १९७९ साली सुरू झालेल्या आर्चीजची कार्डं कॉलेजच्या पोरांना परवडायची नाहीत, तरी ती घ्यायचीच. मुंबईत शिवसैनिकांनी कार्डं जाळल्याच्या बातम्याही आम्ही वाचल्या. त्यामुळे माझ्या पिढीच्या डोक्यात हे कार्ड म्हणजे दोघांतली चोरटी गोष्ट.

माझी लेक तिसरीत आहे, इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मोबाइलवर बघून ती म्हणाली, "आई, मला अख्ख्या वर्गाला द्यायचंय." ऐकून मला संक्रांत आठवली. तिळगूळ वाटताना आपण माणसं निवडत नाही. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याकडे तर आधी जातो. अमेरिकेतल्या शाळांना नियम करून जे साधावं लागलं, ते आपल्या पोरांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

मग हिशोब केला. बारामतीहून आणलेला कार्डशीट २२ बाय २८ इंचांचा. त्याचे साडेतीन बाय साडेपाच इंचांचे बरोब्बर ३२ तुकडे होतात. आपलं पोस्टकार्ड साधारण याच मापाचं असतं. भारतात ते १८७९ साली पाव आण्याला सुरू झालं. आमचा सगळा खर्च वीस रुपयांच्या आत बसला. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा मिळतो, बटाटा कोरला की बदामाचा. जुन्या लग्नपत्रिकांची सोनेरी नक्षी कापून वर चिकटवली.

गंमत म्हणजे कार्डांना लागणारा गुळगुळीत कागद आमच्याच तालुक्यात, भिगवणच्या कारखान्यात तयार होतो. पण आमच्या हातात तो आला तो लग्नपत्रिकेतून, लोकांची लग्नं लागून गेल्यावर.

पटावर मुलं २६. लेक सोडून २५, एक बाईंना, एक खिचडी शिजवणाऱ्या मावशींना. झाली २७ कार्डं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि कोपीवरची चार जणं?"

फेब्रुवारी म्हणजे गाळपाचे दिवस. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांसाठी बीड, नगरकडच्या टोळ्या आलेल्या असतात. त्यांची पोरं मध्येच वर्गात येऊन बसतात, पट्टा पडला की मध्येच जातात. गाव सुटलं तरी शाळा सुटू नये म्हणून सरकारनं त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड काढलं. ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं. पण शेजारी कोण बसणार, डबा कोण उघडून पुढे करणार, हे त्या कार्डावर लिहिलेलं नसतं.

सत्तावीस आणि चार, एकतीस. बत्तिसावं रंग सांडून गेलं.

एकतीस कार्डांवर एकतीस नावं घालायची होती. सत्तावीस तिनं घडाघड लिहिली. उरलेली चार कोरीच राहिली. ही पोरं दिवाळीनंतर आलेली, म्हणजे तीन महिने एकाच सतरंजीवर बसलेली. दुसऱ्या दिवशी तिनं एकेकीजवळ जाऊन नाव विचारलं आणि घरी येऊन लिहिलं. बाजारात कार्ड केवढ्यालाही मिळेल, पण नाव ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.