आजोबांची हिवाळ्याची वही

बडोद्याची थंडी कशी असते, असं पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं की आजी म्हणायची, "स्वेटर सकाळी सहाला घालायचा आणि दहाला खुंटीला टांगायचा." जानेवारीतही रात्री पारा साधारण १२ अंशांवर, दुपारी २८-२९. दव पडतं, पण झाडं करपतील असा गारठा नाही. म्हणूनच आमच्याकडे बागेची खरी कामं थंडीतली.

रावपुऱ्यातल्या जुन्या घरामागे विहीर होती आणि तिच्याभोवती परसू. आजोबा संस्थानात कारकून. त्यांची बागेची वही माझ्याकडे आहे. डावीकडे नक्षत्र, उजवीकडे इंग्रजी तारीख, मध्ये केलेलं काम.

"हस्त ओसरला. फ्लॉक्स, पिटुनिया पेरले." विलायतेत ही उन्हाळ्याची फुलं, वसंतात पेरतात. इथे सगळं उलटं. पाऊस संपला की बी टाकायचं, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं बघायची आणि मार्चच्या उन्हात रोपं गेली की गेली. सयाजीराव महाराजांनी बागांसाठी बाहेरची माणसं आणली. लक्ष्मी विलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंग यांनी आखली. क्यू बागेत काम केलेले जर्मन क्रुम्बीगल १८९३ मध्ये इथे आले आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत गेले. त्यांनाही इथल्या पावसापुढे आपलं वेळापत्रक फिरवावंच लागलं असणार. कमाटीबाग तर त्याआधीची, १८७९ची. आजोबा रविवारी तिथे जायचे ते हवा खायला नव्हे, माळ्यांशी गप्पा मारायला. तिथला वाफा बघायचा आणि आठवडाभरात घरी तसाच करायचा!

गुलाबाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दसऱ्याच्या सुमारास आठ दिवस पाणी तोडायचं. बुंध्याभोवतीची माती काढून वरवरची मुळं उघडी टाकायची. (हल्लीचे जाणकार हे नको म्हणतात. आमच्याकडे व्हायचंच.) पानं पिवळी पडून गळायला लागली की कात्री. वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडापासून काढायच्या, बाकीच्या निम्म्यावर, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. मग शेणखत, आळं भरून पाणी. दीडेक महिन्यात कळ्या.

आजीला या फुलांचं कौतुक बेताचंच. "पोटाला काय लावलंय?" हा तिचा प्रश्न. विहिरीच्या पन्हळीखालचे दोन वाफे तिचे. मेथी, कोथिंबीर, मुळा आणि कुंपणावर उंधियोसाठी पापडीचे वेल. एकदा शेजारच्या बेननी रताळू मागितलं, तिनं हौसेनं रताळी नेऊन दिली. त्यांना हवा होता जांभळा कंद, आपल्या रताळ्याला त्या शक्करिया म्हणतात. त्या दिवशी दोघींच्याही घरी उंधियो अडला. उत्तरायणाला आजी काठी घेऊन वाफ्याशी बसायची, कटलेल्या पतंगामागे पोरं मेथीतून धावू नयेत म्हणून.

१ मे १९४९ला बडोदं मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६०ला गुजरातेत. घर तिथेच, आम्ही मात्र जागेवरून न हलता दुसऱ्या राज्यात. पुण्याहून आजोबांच्या थोरल्या भावाची पत्रं येत होती, घर विका आणि इकडे या. आजीचंही मन तिकडे ओढत होतं. त्या उन्हाळ्यात वहीत एक ओळ नाही, पावसाळ्यातही नाही. मग ऑक्टोबरात, चित्रा नक्षत्राखाली: "गुलाब छाटले. दादांना नाही कळवले." मी दोनदा वाचलं तेव्हा उमगलं, की दादांना नकार कळवला.

घर नव्वदच्या दशकात गेलं, तिथे आता फ्लॅट आहेत. पाडायच्या आधी मी गुलाबाच्या अकरा काड्या कापून आणल्या, तीन जगल्या. गच्चीवर कुंड्यांत आहेत. विहिरीचं कोमट पाणी कुठून आणणार, टाकीचं घालते.

वहीत वाटाण्याच्या पेरणीची तारीख शाई फुटून पुसली गेलीय. स्वाती आहे की विशाखा, कळत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या कुणाच्या घरी अशी वही असेल तर त्या पानाचा फोटो टाका. मला ताडून बघायचंय.