अंगावरचा संगणक आणि अखेरची तारीख

दिवाळी अंक आपल्या हातीं पडतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. परंतु त्यांतील लेख संपादकांनीं मागितलेला असतो आषाढ-श्रावणांत. बाहेर पाऊस कोसळत असतो, फराळाची कोणाला आठवणहि नसते, आणि अशा वेळीं लेखकाला दिवाळीसाठीं लिहावें लागतें. १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकानें आपल्याकडे दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हांपासून ही ओढाताण मराठी लेखकांच्या अंगवळणीं पडली आहे. लेख मनांत पिकण्याची वेळ आणि तो मागितला जाण्याची वेळ ह्या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो.

आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांतहि अशीच एक अखेरची तारीख आहे. तिचा संबंध मात्र कथा-कवितांशीं नाहीं. तो आहे अंगावर वागविण्याच्या संगणकांशीं. आज मनगटावरचें घड्याळ आपलीं पावलें मोजतें आणि नाडीचे ठोके सांगतें, त्याचें आपणांस कांहींच नवल वाटत नाहीं. परंतु ह्या विषयाला विद्वानांच्या सभेंत स्वतःचें आसन मिळालें तें १९९७ सालीं. त्या सभेसाठीं लेख पाठविण्याची एक मुदत ठरली. ही मुदत ठरल्यानें विद्येचें काय साधलें, आणि तिच्यापायीं काय गमवावें लागलें, हाच आजचा प्रश्न.

मुदत नव्हती तेव्हां काय होत असे, हें प्रथम पाहूं. १९६० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत एडवर्ड थॉर्प नांवाचे एक तरुण गणिती क्लॉड शॅनन ह्यांच्या भेटीस गेले. दोघेहि अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत काम करीत. शॅनन म्हणजे संदेशवहनाच्या गणिती शास्त्राचे जनक. त्यांचें नांव तेव्हांच जगद्विख्यात झालेलें होतें. थॉर्प ह्यांनीं पत्त्यांच्या 'एकवीस' नांवाच्या जुगारांत खेळणाऱ्याला सरशी कशी मिळवितां येईल, ह्याचें गणित मांडलें होतें. तें आपल्या नांवावर लवकर प्रसिद्ध व्हावें, अशी त्यांची इच्छा होती. नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या विद्वत्सभेच्या पत्रिकेंत तें छापून यावयाचें, तर त्या सभेच्या एखाद्या सभासदानें तें पुढें पाठविणें आवश्यक होतें, आणि शॅनन हे तसे सभासद होते. शॅनन ह्यांनीं लेख तपासला, त्याचें शीर्षक जरा सौम्य करावयास सांगितलें, आणि १९६१ च्या आरंभीं तो छापूनहि आला.

त्याच भेटींत शॅनन ह्यांनीं सहज विचारलें कीं, जुगाराच्या प्रांतांत आपलें आणखी कांहीं चाललें आहे काय? थॉर्प ह्यांनीं मनांतली गोष्ट सांगितली. रुलेटच्या फिरत्या चक्रावर गोळी कोठें पडेल, हें तिच्या आणि चक्राच्या गतीवरून आधींच वर्तवितां येईल, असें त्यांना वाटत होतें. दोघांनीं दीड हजार डॉलर खर्चून खरें रुलेटचक्र मागविलें, आणि शॅनन ह्यांच्या घरीं प्रयोग सुरू झाले. त्यांतून सिगारेटच्या पाकिटाएवढें, बारा ट्रॅन्झिस्टरांचें एक गणकयंत्र तयार झालें. तें अंगावर लपवावयाचें, बुटांत दडविलेलीं बटणें पायाच्या अंगठ्यानें दाबून चक्राची गति त्याला कळवावयाची, आणि उत्तर कानांत सुरांच्या रूपानें ऐकावयाचें. चक्राचे आठ भाग कल्पिलेले असत. जो सूर ऐकूं येई त्या भागावर पैसे लावावयाचे. १९६१ च्या जूनमध्यें दोघे आपापल्या पत्नींसह लास व्हेगास येथें गेले. यंत्र चाललें, परंतु कानापर्यंत नेलेली केसासारखी बारीक तार पुनःपुन्हा तुटे, आणि तिनें त्यांना जेरीस आणलें.

आतां पाहा, पत्त्यांच्या गणिताच्या प्रसिद्धीसाठीं ज्यांची गांठ पडली, त्याच दोघांनीं हें यंत्र मात्र कडेकोट गुप्त ठेवलें. जुगाराच्या अड्ड्यांत वापरावयाचें साधन चव्हाट्यावर मांडून कसें चालेल? कोणींहि दोन अनोळखी माणसें अवघ्या दोन-तीन ओळखींच्या धाग्यांनीं परस्परांशीं जोडलेलीं असतात, म्हणून तोंडांतून शब्दहि जातां कामा नये, असा इशारा शॅनन ह्यांनीं दिला होता. १९६६ सालीं थॉर्प ह्यांनीं आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तींत ह्या यंत्राचा उल्लेख केला. परंतु त्याची सविस्तर हकीकत सांगावयाला विद्वानांचें असें व्यासपीठच नव्हतें. ज्या विद्येला सभा नाहीं, तिला मुदतहि नाहीं. आणि जिला मुदत नाहीं, ती विद्या तळघरांतच राहते.

पुढचीं तीसेक वर्षें ह्या क्षेत्राची स्थिति सुट्या मण्यांसारखी होती. कॅनडांतील स्टीव्ह मान हे विद्यार्थिदशेपासून कॅमेरा आणि गणकयंत्र अंगावर चढवून फिरत. थॅड स्टार्नर ह्यांनीं १९९३ पासून डोळ्यासमोर चिमुकला पडदा आणि हातांत एका हातानें चालविण्याची कळफळी घेऊन रोजचे व्यवहार करण्यास सुरुवात केली. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९९१ सालीं 'व्ह्यूमॅन' नांवाचें यंत्र झालें. तें अंगावर असलें म्हणजे घराचे आराखडे डोळ्यासमोर पाहतां येत. ह्याच मालिकेंतील पुढचें एक यंत्र सैन्याच्या वाहनांची तपासणी करणाऱ्यांसाठीं बनविलें गेलें. ह्या लोकांना एकमेकांची वार्ता नव्हती असें नव्हे. परंतु एकाचें काम दुसऱ्यानें तपासावें, त्यांतील चुका दाखवाव्या, आणि तें पुढें न्यावें, अशी कांहीं रीत नव्हती. रस्त्यानें जाणारे लोक ह्या सरंजामाकडे पाहून हंसत, आणि इतर शास्त्रांतील सभांना हा विषय आपला वाटत नसे.

१९९६ सालीं चक्रें फिरूं लागलीं. जुलैंत अमेरिकन संरक्षणखात्याच्या संशोधनसंस्थेनें ह्या विषयावर विचारविनिमय घडविला. ऑगस्टमध्यें बोइंग ह्या विमानें बांधणाऱ्या कंपनीनें सिअ‍ॅटल येथें एक सभा भरविली. आणि पुढच्याच वर्षीं, १९९७ च्या ऑक्टोबरच्या १३ व १४ तारखांना, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथें अंगावर वागविण्याच्या संगणकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कार्नेगी मेलन, मॅसॅच्युसेट्सची संस्था आणि जॉर्जिया टेक ह्या तिघांनीं मिळून यजमानपण केलें. ३८२ जणांनीं नांवें नोंदविलीं. पूर्वींच्या सभांत आणि हिच्यांत मुख्य भेद हा कीं, हिच्यासाठीं लेख मागविले गेले, ते जाणत्यांकडून पारखले गेले, आणि निवडलेले लेख ग्रंथरूपानें छापले गेले.

येथेंच ती अखेरची तारीख येते. परिषद ऑक्टोबरांत, परंतु लेख द्यावयाचे ते त्याच्या कित्येक महिने आधीं. इतकी घाई कां, असें नवख्याला वाटेल. हिशेब साधा आहे. आलेला प्रत्येक लेख दोन-तीन परीक्षकांकडे जावयाचा. ते आपापल्या अध्यापनांतून सवड काढून तो वाचणार. मग निवडसमिति बसणार. होकार-नकार कळविले जाणार. होकार मिळालेल्यांनीं सूचनांप्रमाणें दुरुस्ती करून छपाईला योग्य अशी स्वच्छ प्रत पाठवावयाची. मग छपाई आणि बांधणी. परिषदेच्या पहिल्या सकाळीं ग्रंथ टेबलावर असावयाचा, तर पायऱ्या उलट मोजीत यावें लागतें. लग्नाचा मुहूर्त आधीं ठरतो, आणि मग दळण-कांडणाचे दिवस त्यावरून मागें मोजतात, तसाच हा प्रकार.

दुसरेंहि एक कारण होतें, आणि तें अधिक खोल आहे. इतर शास्त्रांत मान असतो तो नियतकालिकांतील लेखाला. परिषद म्हणजे गप्पागोष्टींची जागा. संगणकशास्त्रांत मात्र उलट रूढि पडली. तेथें गोष्टी इतक्या झपाट्यानें बदलत कीं, नियतकालिकांत लेख येईपर्यंत यंत्र जुनें होई. म्हणून परिषदेंतला पारखलेला लेख हाच खरा लेख मानूं लागले. १९९९ सालीं अमेरिकेंतील संगणक-संशोधनसंघानें विद्यापीठांना उद्देशून एक निवेदन काढलें, आणि बढतीचा विचार करतांना नामांकित परिषदांतील लेखांना पुरतें मोल द्यावें, असें त्यांत प्रतिपादिलें. अर्थात् मुदत ही केवळ सभेच्या सोयीची तारीख उरली नाहीं. ती हुकली, तर एक वर्ष हुकलें. विद्यार्थ्याची पदवी आणि तरुण अध्यापकाची नोकरी तिच्याशीं बांधली गेली.

ह्या तारखेनें केलेला उपकार मोठा आहे. तिनें तळघरांतल्या लोकांना लिहावयास लावलें. 'आणखी थोडें सुधारून मग सांगूं' असें म्हणणारा कारागीर जन्मभर सांगतच नाहीं. तारीख त्याला म्हणते, आज जेवढें सिद्ध आहे तेवढें मांड. ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण दुसऱ्याच वर्षीं घडलें. १९९८ च्या ऑक्टोबरांत पिट्सबर्ग येथें दुसरी परिषद भरली, आणि तिच्या ग्रंथांत एडवर्ड थॉर्प ह्यांचा लेख आला. विषय, अंगावर वागविण्याच्या पहिल्या संगणकाचा शोध. बुटांतलीं बटणें, कानांतले सूर, तुटणारी तार, सारी हकीकत त्यांनीं सदतीस वर्षांनंतर लिहून काढली. १९६१ सालीं जिला कोठेंहि जागा नव्हती, ती गोष्ट आतां नव्या पिढीच्या कामाशेजारीं जाऊन बसली. आपला विषय कालपरवा जन्मलेला नसून त्यालाहि पूर्वज आहेत, हें त्या तरुणांना त्या दिवशीं कळलें.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. संगणक टेबलावर ठेवला तर त्याची परीक्षा एका दुपारीं होते. अंगावर चढविला तर होत नाहीं. घाम आल्यावर त्याचें काय होतें, आठव्या दिवशीं तो नकोसा होतो काय, घरच्या माणसांना तो कसा वाटतो, हें समजावयाला तो महिनोन्महिने वागवावा लागतो. तारीख असें थांबत नाहीं. ती आली कीं, चार दिवस चार मित्रांच्या अंगावर यंत्र घालून काढलेले निष्कर्षहि लेखांत जाऊन बसण्याचा मोह होतो. आंबा झाडावर पिकूं द्यावयाचा, कीं बाजाराचा दिवस आला म्हणून तोडून अढींत घालावयाचा, असा हा पेंच आहे. शिवाय एखादा चांगला लेख एका परीक्षकाच्या शंकेमुळें नाकारला गेला, तर दुरुस्ती पंधरवड्याची आणि प्रतीक्षा वर्षाची, असा अन्यायहि घडे. मोशे वर्दी ह्यांच्यासारख्या संगणकशास्त्रज्ञांनीं २००९ च्या सुमारास परिषदांच्या ह्या वर्चस्वाविषयीं जाहीर प्रश्न उपस्थित केला, तो उगीच नव्हे.

पहिल्या चार परिषदा अमेरिकेंत झाल्या. २००१ सालीं पांचवी स्वित्झर्लंडांतील झुरिक येथें गेली. जगभरांतून लेख यावयाचे म्हटल्यावर अखेरचा दिवस संपतो केव्हां, हाहि प्रश्न आलाच. संगणकशास्त्रांतील अनेक परिषदांनीं त्यावर एक मौजेचा तोडगा काढला. पृथ्वीवर कोठेंहि तो दिवस शिल्लक आहे तोंवर मुदत संपली नाहीं, असें त्या मानतात. दिवस सर्वांत शेवटीं मावळतो तो प्रशांत महासागरांतील बेकर आणि हाउलंड ह्या निर्मनुष्य बेटांवर. तेथें रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटें झालेलीं असतात, तेव्हां आपल्याकडे दुसऱ्या दिवशींचे सायंकाळचे ५ वाजून २९ मिनिटें होतात. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला त्यामुळें जवळजवळ एक अधिक दिवस मिळतो. ज्या बेटांवर माणूस नाहीं, त्यांच्या घड्याळानें साऱ्या जगाला सारखा न्याय मिळावा, ही कल्पना मला फार आवडली.

ह्याहून मोठा बदल पुढें झाला. २०१३ सालीं झुरिक येथें ही परिषद सर्वव्यापी संगणनाच्या मोठ्या परिषदेबरोबर एकत्र भरली, आणि तेव्हांपासून दोघी जोडीनें चालल्या. २०१७ सालीं असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी ह्या संस्थेनें ह्या क्षेत्रासाठीं एक त्रैमासिक सुरू केलें. वर्षांतून एकदां येणाऱ्या तारखेच्या जागीं चार तारखा आल्या. नाकारण्याऐवजीं 'सुधारून पुन्हा आणा' असें सांगण्याची सोय झाली, आणि स्वीकारलेला लेख परिषदेंत वाचावयाचा, असा क्रम ठरला. लहान लेखांसाठीं मात्र वार्षिक तारीख चालूच राहिली.

मुदत अगदींच नसली तर काय होतें, तें थॉर्प आणि शॅनन ह्यांच्या यंत्रानें दाखविलें; मुदत एकच असली तर काय होतें, तें पुढच्या वीस वर्षांनीं. विद्येला दार हवें, आणि तें ठराविक वेळीं उघडावें, हें खरें. परंतु वर्षांतून एकदांच उघडणाऱ्या दारापाशीं चेंगराचेंगरी होते, आणि तींत सावकाश चालणारा मागें पडतो. अंगावरचा संगणक ही सावकाश कळणारी वस्तु आहे. तिला जोखावयाला माणसाचें अंग लागतें, आणि अंगाला आपला वेळ लागतो. तारीख ठरवितांना हा वेळ ज्यांनीं ध्यानांत घेतला, त्यांनीं ह्या विद्येची खरी सेवा केली, असें मला वाटतें.