दारात फुलझाड लावायचंय? आधी पाणी बघा, मग फूल निवडा

सातारा/सांगली : पहिला पाऊस पडला की आठवडी बाजारात रोपांचे टेम्पो उभे राहतात. पिशवीतला फुललेला गुलाब बघून माणूस भुलतो आणि दोन रोपं घेऊन घरी येतो. श्रावणापर्यंत झाड हिरवंगार दिसतं, दिवाळीला पानं गळायला लागतात आणि उन्हाळ्यात नुसती काठी उरते. मग "आमच्या हाताला झाडच येत नाही" असं घरात बोललं जातं. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो. ते झाड त्या गावच्या पाण्याला आणि मातीला जुळणारं नसतं.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पावसाचा फरक फार मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात तो पाचशेच्या आसपास राहतो. त्यामुळे पाव्हण्याकडे आलं ते आपल्याकडे येईलच असं नाही. फूल निवडताना क्रम असा ठेवावा : आधी पाणी, मग माती, मग ऊन आणि शेवटी आवड.

पाण्याचा हिशेब

मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज साधारण एक लिटर पाणी लागतं. वीस कुंड्या म्हणजे रोजचा एक हंडा. नळाला रोज पाणी येतं तिथं हे जाणवत नाही. जिथं टँकर येतो तिथं तो हंडा कोणीतरी डोक्यावर आणलेला असतो आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईनं आणलेला असतो. टेंभू, म्हैसाळ योजनेच्या पाण्यानं दुष्काळी पट्ट्यातल्या बऱ्याच गावांचं चित्र बदललं, पण ते पाणी शेताला आवर्तनानं मिळतं. दारातलं झाड आवर्तनाची वाट बघत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात घरात किती पाणी शिल्लक राहतं ते धरूनच झाडांची संख्या ठरवावी. कमी पाण्याच्या गावात कुंडीपेक्षा जमिनीत लावलेलं झाड बरं. मूळ खोल गेलं की ते स्वतःचं पाणी स्वतः शोधतं.

भांडी धुतलेलं आणि न्हाणीचं पाणी फुलझाडांना चालतं, मात्र कपड्याच्या सोड्याचं पाणी देऊ नये. सांडपाण्याच्या तोंडाशी कर्दळ आणि केळ लावावी. ही दोन्ही झाडं असं पाणी पिऊन घेतात, डबकं होत नाही आणि डासही कमी होतात. कुंडीला मात्र सतत सांडपाणी दिलं तर मातीत क्षार साठतात. तिथं अधूनमधून साधं पाणी द्यावं.

पाणी टिकवायला उसाचं पाचट चांगलं. झाडाच्या बुडाशी चार बोटं जाडीचा थर द्यावा, फक्त खोडाला चिकटवू नये. जुना माठ आळ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला तर पाणी हळूहळू झिरपतं आणि झाड दोन-तीन दिवस निभावतं.

कुठल्या भागात काय येतं

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ : बोगनवेल, सदाफुली, गुलबाक्षी, गॅलार्डिया, पांढरा चाफा, तगर, गोकर्ण. पहिलं एक वर्ष सांभाळलं की ही झाडं थोड्या पाण्यावर तग धरतात. रोज देवाला फूल हवं असेल तर सदाफुली आणि तगर यांच्याइतकं कमी कष्टाचं दुसरं झाड नाही. गुलाब लावायचाच असेल तर एक-दोनच लावावेत आणि दुपारच्या उन्हाची झळ लागणार नाही अशा जागी.

कराड, कोरेगाव, वाळवा, पलूस, मिरज, तासगाव असा बागायती पट्टा : जास्वंद, मोगरा, जाई, जुई, गुलाब, शेवंती, निशिगंध, अबोली, प्राजक्त, सोनचाफा. इथं पाणी कमी पडत नाही, उलट जास्त होतं. काळ्या मातीत रोज पाणी दिलं तर मोगऱ्याची आणि गुलाबाची मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग : सोनटक्का, तेरडा, कर्दळ, हायड्रेंजिया. सोनटक्क्याला ओल आवडते, पावसातच फुलतो. डेलिया, शेवंती या भागात भर पावसात उघड्यावर लावू नये. कंद आणि बूड कुजतं. पाऊस ओसरल्यावर लागण करावी किंवा कुंडी पडवीत ठेवावी. हायड्रेंजियाची एक गंमत आहे. आम्लधर्मी तांबड्या मातीत त्याचं फूल निळं येतं, चुनखडीच्या मातीत तेच गुलाबी होतं.

माती कशी करायची

नुसत्या काळ्या मातीची कुंडी भरू नये. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं बारीक मुरूम किंवा वाळू असं मिसळावं. कुंडीच्या तळाला भोक हवंच. त्यावर खापराचा तुकडा ठेवावा. उकिरड्यावरचं कच्चं शेणखत घालू नये. त्याच्या उष्णतेनं मुळं होरपळतात आणि हुमणीही येते.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात काही गावांत जमीन क्षारपड झाली आहे. परसात उन्हाळ्यात पांढरी खपली दिसत असेल तर गुलाबाच्या नादाला लागू नये. तिथं बोगनवेल, सदाफुली, गॅलार्डिया तग धरतात. बाकीची फुलं कुंडीत किंवा वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावीत. जिप्सम माती तपासल्याशिवाय टाकू नये. ते चोपण जमिनीला उपयोगी आहे, सरसकट सगळ्या खारट जमिनीला नाही.

ऊनही बघावं. गुलाब, झेंडू, शेवंती, मोगरा यांना पाच-सहा तास उघडं ऊन लागतं. अबोली थोड्या सावलीत येते.

सणाला फूल हवं तर कधी लावायचं

सणाच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचा भाव काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. घरच्या तोरणापुरता झेंडू मात्र पाच बाय पाच फुटाच्या वाफ्यात निघतो.

झेंडू : बी टाकल्यापासून फूल यायला साधारण तीन महिने लागतात. त्यातले पहिले 25 ते 30 दिवस रोप वाफ्यात असतं. कॅलेंडरात दसऱ्याची तारीख बघावी आणि तिथून उलटं मोजावं. लागणीनंतर महिन्याभरानं शेंडा खुडला तर फांद्या वाढतात आणि फुलं जास्त येतात, मात्र फूल दहा-पंधरा दिवस उशिरा लागतं. तेवढे दिवस हिशेबात धरावेत. सर्वसाधारणपणे जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा बी टाकायला ठीक. दिवाळीसाठी त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरी फेरी टाकावी. संकरित झेंडूचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. मखमल किंवा गावठी झेंडूचं बी धरता येतं. झेंडूच्या मुळांमुळे मातीतली सूत्रकृमी कमी होते, म्हणून वांगी-टोमॅटोच्या वाफ्याला कडेनं झेंडू लावणं फायद्याचं.

तेरडा : गौरीला तेरडा लागतो. पहिल्या पावसात बी विस्कटलं की भाद्रपदात फुलं तयार. पुढच्या वर्षी खाली पडलेल्या बियांतून आपोआप उगवतो.

शेवंती : बुडातून फुटलेल्या काश्या मे-जूनमध्ये लावाव्यात. दिवस लहान व्हायला लागले की शेवंती कळी धरते. म्हणून रस्त्याच्या खांबाच्या किंवा अंगणातल्या रात्रभर चालू असणाऱ्या बल्बच्या उजेडात लावलेली शेवंती नुसती पाल्यानं वाढते आणि फुलायला उशीर करते. झाड निरोगी असून फूल येत नसेल तर आधी रात्रीचा उजेड बघावा.

निशिगंध : एप्रिल-मे महिन्यात कंद लावावेत. कंद सुपारीपेक्षा मोठा असावा आणि दोन-तीन इंच खोल जावा. साधारण तीन महिन्यांनी दांडा येतो. हाराला एकेरी पाकळीची जात घ्यावी, वासही तिलाच चांगला.

मोगरा : उन्हाळ्यात भरपूर फुलं हवी असतील तर डिसेंबरात पाणी तोडावं, जानेवारीत छाटणी करावी, मग शेणखत घालून पाणी सुरू करावं. न छाटलेला मोगरा पानांतच जातो. नवीन रोप करायला पावसाळ्यात फांदी वाकवून मातीत दाबली तरी पुरते.

गुलाब : पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी करावी. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात फूल येतं. कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा लगेच मोडावा. तो रानटी गुलाबाचा असतो आणि ठेवला तर मूळ कलम मरतं. "पूर्वी चांगला गुलाब होता, आता नुसते काटे वाढलेत" ही तक्रार बहुतेक ह्याच कारणानं असते.

ॲस्टर : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश मालिकेत पांढरा, गुलाबी, जांभळा असे रंग मिळतात. वाफ्यात छान दिसतो आणि हारालाही चालतो.

कण्हेर आणि बिट्टी : दारात लावताना सावध

कण्हेर दिसायला देखणी, पाणी कमी लागतं, शेळी सहसा तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाला ती सर्रास लावतात. पण कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ सगळंच विषारी आहे आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तर त्याहून घातक. दोन्हींचं विष हृदयावर काम करतं. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात, त्या सगळ्यात वाईट.

हिरवी असताना जनावर कण्हेर टाळतं, पण छाटून वाळलेला पाला कडब्यात किंवा वैरणीत मिसळला तर खाऊन जातं. गणपतीच्या पत्रीतही कण्हेरीचं पान असतं. त्यामुळे निर्माल्य गोठ्यात किंवा शेळीपुढे टाकू नये. छाटलेला पाला जाळूही नये, धूर अंगाला त्रास देतो. तो खड्ड्यात पुरावा.

लहान मूल किंवा गोठा असलेल्या घरी या दोन झाडांऐवजी जास्वंद किंवा तगर लावणं शहाणपणाचं. कुणी चुकून खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठावा आणि झाडाची फांदी सोबत न्यावी. जनावर असेल तर पशुवैद्यकांसाठी 1962 हा क्रमांक आहे.

शेतातला पंप दारात आणू नका

उसातलं तण मारायला वापरलेला पंप नुसता विसळून फुलझाडांवर चालवला तर दोन-चार दिवसांत पानं वाकडी होतात, शेंडे पिळवटतात. टू-फोर-डी सारख्या तणनाशकाचा थोडा अंशही गुलाब आणि जास्वंदीला पुरतो. घरासाठी वेगळा छोटा स्प्रे ठेवावा.

द्राक्षाचं उरलेलं औषध दारातल्या फुलांवर मारू नये. ती फुलं केसात जातात, देवापुढं जातात, मुलं हातात घेतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर आधी ती फांदी कापून नष्ट करावी आणि बाकी झाडावर पाण्याची जोरदार धार मारावी. तरी राहिला तर निंबोळी अर्क फवारावा. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून सकाळी फडक्यानं गाळावी. मावा असला तरी हेच. फवारणी संध्याकाळी करावी, म्हणजे मधमाशीला इजा होत नाही.

कासचं फूल कासलाच राहू द्या

कास पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. कोयना आणि चांदोली त्याच यादीत आहेत. पठारावर फिरायला गेलेली काही माणसं रोप उपटून घरी आणतात. तिथं फुलं तोडायला आणि रोपं उपटायला मनाई आहे, आणि आणलेलं रोप जगतही नाही. जांभ्या कातळावरची बोटभर माती, चार महिन्यांचा पाऊस, धुकं हे सगळं कुंडीत आणता येत नाही. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलं आहे, तो पठारावरच्या पाणथळ जागीच वाढतो. रानफुलाची हौस असेल तर तेरडा आणि सोनटक्का रोपवाटिकेतून किंवा शेजारच्या परसातून आणावा.

विचारायचं कुठं

सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे, सांगली जिल्ह्यात कांचनपूर इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. घरी फोनवरून विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जाताना रोगट पान पिशवीत घालून न्यावं, नुसत्या फोटोवरून बऱ्याच वेळा कीड ओळखत नाही.

यंदा रोपं आणायला निघण्याआधी एवढं करावं : मे महिन्यात घरात किती हंडे पाणी शिल्लक राहतं ते घरातल्या बाईला विचारावं. तिनं सांगितलेल्या आकड्याइतकीच झाडं लावावीत. पहिल्या वर्षी तीन झाडं जगली तर पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच फांद्यांची, बियांची दहा होतात आणि टेम्पोपाशी उभं राहायची वेळ येत नाही.