दहा खुंट्यांची राणी

क्रिकेटमधल्या बोलिंगशी या खेळाचे नाते केवळ नावापुरते. ६० फूट गुळगुळीत वाटेवरून जड गोळा घरंगळत सोडावयाचा आणि पलीकडच्या १० खुंट्या लोळवावयाच्या! दिसायला पोरखेळ, पण ओळीने १२ वेळा एकाच फेकीत दहाही पाडाव्यात, तेव्हा कुठे ३०० गुण पुरे होतात. फिलिपाइन्सच्या बाँग कू या बाईंनी १९७८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सर्व प्रकारांच्या बेरजेचे सुवर्णपदक मिळविले. पुढल्याच वर्षी मनिलात, घरच्या माणसांदेखत, त्याच बेरजेत जगज्जेतेपद! १९८२ ची आशियाई स्पर्धा आपल्या दिल्लीत भरली, तीत हा खेळच नव्हता. ऐन बहरातली संधी हुकली म्हणावयाची. बाई मात्र खेळत राहिल्या. १९८६ साली सोलला तेच सुवर्णपदक त्यांनी पुन्हा जिंकले.