शनवार तेली आणि येणारा मशीहा

म्हसळ्याची खाडी पुढे राजपुरीच्या खाडीस मिळते. हा सारा मुलूख 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात मोडत असे. येथल्या आणि अलिबाग-रेवदंड्याकडच्या गावांतून तेलाचे घाणे चालत; पण त्यांतले काही घाणे शनिवारी हटकून बंद! गावकऱ्यांनी त्या तेल्यांचे नावच 'शनवार तेली' पाडले. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरे, म्हणवीत. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या आणि त्यांचा आपण वंश, ही त्यांची परंपरागत कथा. लुगडे, मराठी बोली आणि राजपूरकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर अशी आडनावे. परक्याने यहुदी म्हणून ओळखावे असे बाहेरून फारसे काही उरले नव्हते.

या तेल्यांच्या धर्मात एका तेलाची मोठी प्रतिष्ठा आहे. 'मशीहा' या हिब्रू शब्दाचा अर्थ तेलाने अभिषेक केलेला. इस्राएलात राजाला मस्तकी तेल घालून गादीवर बसवीत, म्हणून पुढे येणारा तारणारा राजाही 'अभिषिक्त'च. ग्रीक भाषेत याच शब्दाचे 'ख्रिस्त' झाले. दिवाळीत पहाटे तेल लावून घेणाऱ्या आपल्या मुलाबाळांना हा अर्थ समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

यहुदी म्हणतात, तो अजून यावयाचा आहे. ख्रिस्ती म्हणतात, तो येशूच्या रूपाने आला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, चाळीस दिवसांनी स्वर्गात गेला आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास पुन्हा येणार आहे. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी जोडल्या जाणाऱ्या मतांगीकारात हे शब्द आहेत. पण श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' असा अरामी उद्गार येतो. 'आमच्या प्रभो, ये' असा त्याचा अर्थ लावतात. मराठी कानाला त्यात 'नाथा' ऐकू येते खरे, पण तो निव्वळ योगायोग होय.

आता स्कॉटलंडच्या एका मिशनऱ्याला कोकणातल्या तेल्यांची एवढी आस्था का वाटावी? तिचे मूळ या पुनरागमनाच्या श्रद्धेतच सापडते. शेवटी सर्व इस्राएल तारला जाईल, असे पौलाने रोमकरांस कळविले होते. प्रभूचे परत येणे आणि यहुद्यांचे त्याच्याकडे वळणे यांची सांगड एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ प्रॉटेस्टंटांनी घातली. यहुद्यांत धर्मप्रसार करण्यासाठी लंडनात 1809 साली एक संस्थाच निघाली. डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले. इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांचे दुवे त्यांना बेने इस्राएलांत दिसले. 1832 साली त्यांनी या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांतूनही बेने इस्राएल मुले बसत. हेतू उघड होता. मुलांना मूळ शास्त्र वाचता यावे. म्हणजे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक तोच येशू, हे त्यांचे त्यांनाच दिसेल!

पण वाटेत एलिया उभा होता. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा यावयाचा, ही अपेक्षा मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटापासून चालत आलेली. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. बेने इस्राएलांचा एलियाहू हन्नाबी मात्र अलिबागजवळ खंडाळ्यास उतरला होता! तेथल्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आजही दाखवितात. लग्न ठरो, आजार बरा होवो, नवस फिटो, त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा मांडावयाचा. ज्याचा निरोप्या आपल्याच गावाबाहेर रथ थांबवून जातो, त्या राजाची वाट पाहणे जड जात नाही. तो राजा आधीच येऊन गेला, हे मात्र अशा माणसाला पटविणे महाकठीण. माझ्या मते मिशनऱ्यांचा युक्तिवाद व्याकरणात नव्हे, या खडकापाशी अडला.

ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल अगदी थोडे निघाले. विद्या मात्र त्यांनी मनापासून घेतली. कोचीनहून आलेल्या यहुदी गुरूंचाही यात मोठा वाटा होता, तो विसरू नये. 1846 साली मुंबईत वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834-1905) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. आडनावाने ते म्हसळ्याच्या शेजारच्या त्याच खाडीवरचे! ते डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही झाले. मशीहा आला हे कळावे म्हणून जी भाषा शिकविली गेली, त्याच भाषेच्या बळावर तो लवकर येवो, ही प्रार्थना घरोघरी मराठीत पोचली. याला कुणी कृतघ्नपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. विल्सनसाहेबांनी पुस्तक हाती दिले होते; वाचणाऱ्याने ते आपल्या डोळ्यांनी वाचले.

1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि या किनाऱ्यावरची कुटुंबे हळूहळू तिकडे निघून गेली. घाणे तर त्याआधीच थांबत चालले होते. अलिबागेत इस्राएल आळी हे नाव टिकून आहे, तेथले प्रार्थनामंदिरही उभे आहे. तिकडे गेलेल्यांच्या घरी मलिद्याचे ताट अजून मांडले जाते. आणि त्यांची मुले-नातवंडे कोकण पाहावयास आली की खंडाळ्याच्या खडकापाशी थांबून त्या चाकांच्या खुणा शोधतात.