नासाच्या फुग्याला अंटार्क्टिकात समांतर विश्व सापडलं होतं का?

मे २०२०. लॉकडाऊनमध्ये एक बातमी सगळीकडे फॉरवर्ड होत होती: ‘अंटार्क्टिकात नासाला समांतर विश्व सापडलं, तिथे काळ उलटा चालतो.’ असं काही सापडलेलं नाही. पण बातमीमागचा प्रयोग खरा आहे आणि बातमीपेक्षा भन्नाट आहे.

त्याचं नाव ‘अनिता’. हेलियमच्या महाकाय फुग्याखाली रेडिओ अँटेनांचा मनोरा लटकवायचा, तो सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर न्यायचा आणि खालच्या बर्फाचा कानोसा घ्यायचा. २००६ ते २०१६ दरम्यान अशी चार उड्डाणं झाली. शोध होता प्रचंड ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा. हे कण सहसा कशालाच अडत नाहीत. पण एखादा बर्फातल्या अणूवर आदळलाच, तर विद्युतभारित कणांचा लोंढा उठतो आणि त्यातून रेडिओ लहरींचा अतिशय छोटा ठोका निघतो. गुर्गेन अस्कार्यान यांनी १९६२ मध्येच हे भाकीत केलं होतं. थंड बर्फातून या लहरी सहज बाहेर येतात. म्हणजे खरं उपकरण लाखो चौरस किलोमीटरचा बर्फच; अँटेना फक्त ऐकतात.

मग हा फुगा पनवेलवरून का सोडत नाहीत? बर्फ नाही, हे झालंच. शिवाय मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारांचा गोंगाट. नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या इतिहासातच याचा दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय मोजमापं अलिबागला न्यावी लागली. तिथली वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. तिथे प्रश्न चुंबकीय क्षेत्राचा होता, इथे रेडिओचा. अडचण एकच.

आता ‘समांतर विश्वा’कडे. वैश्विक किरण हवेत आदळल्यावरही रेडिओ ठोका निघतो. तो बर्फावरून परावर्तित झाला की त्याची लहर उलटी होते. २००६ आणि २०१४ च्या उड्डाणांत मात्र दोन ठोके खालून आले, तरी उलटे नव्हते. जणू बर्फातूनच वर आलेले! न्यूट्रिनो म्हणावं, तर त्या कोनातून येताना वाटेत हजारो किलोमीटर खडक लागतो आणि एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो त्यात अडकायलाच हवा. दक्षिण ध्रुवावरच्या ‘आइसक्यूब’ने त्या दिशा तपासल्या, तिथेही जुळणारं काही मिळालं नाही. या कोड्याला कुणीतरी एका सैद्धांतिक कल्पनेची जोड दिली आणि मथळा तयार झाला.

त्या दोन ठोक्यांचा सर्वमान्य उलगडा अजून झालेला नाही. अनिताचा अधिक संवेदनशील वारसदार ‘प्युओ’ याच बर्फासाठी बांधला गेला आहे.